पेन्शनचा रुपया

दर वर्षीं नोव्हेंबर महिना लागला म्हणजे साताऱ्याच्या आणि सांगलीच्या बँकांतून वृद्ध स्त्रीपुरुषांची गर्दी होऊं लागते. कोणी काठी टेकीत येतो, कोणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून येतो. आपण हयात आहों या अर्थाची सही यादींत झाली कीं पुढील वर्षाचें पेन्शन निर्वेध चालू राहतें. कचेरींतून निवृत्त झालेला अव्वल कारकून, जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षिका, पाटबंधारे खात्यांतील शिपाई, पोलिसाची विधवा, अशीं नाना थरांतलीं माणसें त्या यादींत एकाखालीं एक असतात. त्यांच्या पदरीं महिन्याकांठीं पडणारी रक्कम ठरविली कोणी, आणि ती महागाईबरोबर वाढते ती कोणाच्या हुकुमानें, याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. तो सांगण्यासारखा आहे. त्यांत राजे आहेत, गव्हर्नर-जनरल आहेत, सर्वोच्च न्यायालय आहे. आणि गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तर त्यांतले मोठे निर्णय घेणारे कित्येक मंत्री याच दोन जिल्ह्यांतले निघाले आहेत.

या इतिहासांत एकच वाद निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा समोर येतो. नोकरी संपल्यावर माणसाला जें द्यावयाचें तें रुपयांत मोजावयाचें, कीं त्या रुपयांत जेवढी ज्वारी येते त्या ज्वारींत मोजावयाचें?

मराठी राज्यांत पेन्शन हा शब्द नव्हता, पण वस्तु होती. लढाईंत शिपाई पडला तर त्याच्या मुलाबाळांस बालपरवेशी मिळे. जुन्या दफ्तरांतून अशा नोंदी जागोजाग आढळतात. सेवेबद्दल इनाम जमीन द्यावी, गांवचें वतन चालवावें, सरदारास फौजेच्या खर्चाकरितां सरंजाम लावून द्यावा, असा रिवाज होता. सांगलीचे पटवर्धन हे अशाच मोठ्या सरंजामदारांपैकीं. या पद्धतींत लहरीपणा पुष्कळ होता, धन्याची मर्जी फिरली तर इनाम जप्त होई, हें खरें. पण तिच्यांत एक गुण होता व त्याकडे अर्थशास्त्रज्ञांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. ज्याच्या हातीं जमीन किंवा धान्याचा हक्क आहे त्याला धान्याची धारण चढल्याची भीति नसते. ज्वारी महाग झाली तर त्याच्या कणगींतली ज्वारीहि तितकीच महाग होते. अर्थात् माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या मुलुखांत पाऊसच न पडला तर कणगी रिकामीच राहावयाची. जमीन महागाईपासून वांचवी, दुष्काळापासून नव्हे.

इ. स. १८१८ नंतर धान्याची जागा रोकड रकमेनें घेतली. दुसऱ्या बाजीरावानें माल्कमच्या स्वाधीन होतांना सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक मान्य करून घेतली आणि ब्रह्मावर्तीं तेहतीस वर्षें ती उपभोगली. महाराष्ट्राला पेन्शन या शब्दाची मोठी ओळख या नेमणुकीनें झाली म्हटल्यास चूक होणार नाहीं. जानेवारी १८५१ मध्यें बाजीराव वारला आणि डलहौसीनें ती नेमणूक नानासाहेबांस चालविण्याचें नाकारलें. तत्पूर्वीं साताऱ्यास १८३९ सालीं प्रतापसिंह महाराजांस गादीवरून काढून काशीस धाडण्यांत आलें होतें, आणि १८४८ सालीं त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या मृत्यूनंतर राज्यच खालसा झालें. महाराजांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेंत वर्षानुवर्षें राहिले, अर्ज लिहिले, सभा भरविल्या. निष्पन्न कांहीं झालें नाहीं. या गोष्टी राजेलोकांच्या असल्या तरी त्यांचा संबंध पुढच्या कारकुनाशीं पोंचतो. देणाऱ्यानें दिलें तर घ्यावें, न दिलें तर अर्ज करावा, कोर्टाची पायरी मात्र चढतां येणार नाहीं, हा दंडक त्या काळांत घट्ट झाला. १८५२ च्या इनाम कमिशनच्या कायद्यानें तर दक्षिणेंतल्या हजारों इनामदारांना आपापल्या सनदा सरकारापुढें मांडून हक्क शाबीत करावयास लावलें.

मग १८७१ सालीं हा दंडक कायद्यांत शिरला. त्या वर्षाचा तेविसावा कायदा, म्हणजे पेन्शन्स ॲक्ट, याचीं दोन अंगें ध्यानांत घेण्याजोगीं आहेत. चौथ्या कलमानें असें ठरविलें कीं, सरकारनें किंवा मागील राजवटीनें दिलेल्या पेन्शनीविषयींचा दावा दिवाणी कोर्टानें ऐकूं नये. कलेक्टरनें तसा दाखला दिला तरच तो चालावा. म्हणजे ज्याच्या विरुद्ध गाऱ्हाणें त्याच्याच अधिकाऱ्याकडून परवानगी आणावयाची. उलट अकराव्या कलमानें सावकाराचा हात अडविला. सरकारी नोकराचें पेन्शन सावकाराच्या हुकूमनाम्यांत जप्त होऊं शकत नाहीं, आणि बाराव्या कलमाप्रमाणें पुढें मिळावयाचें पेन्शन आधींच कोणास लिहून देतां येत नाहीं. या दुसऱ्या अंगाचें मोल त्या काळच्या माणसाला सांगावें लागत नव्हतें. चारच वर्षांनीं, १८७५ सालीं, पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. शिराळ्याकडील कुकरूड गांवींहि तसाच दंगा झाला. शेतकऱ्याचें शेत, बैल, घर सारें सावकाराच्या घशांत जाऊं शकत होतें. निवृत्त कारकुनाचें पेन्शन मात्र जाऊं शकत नव्हतें. मुलगी देतांना पेन्शनीच्या नोकरीचा मुलगा पाहावा ही मध्यमवर्गाची ओढ उगीच निर्माण झाली नाहीं.

पण अशा रीतीनें राखून ठेवलेल्या रुपयाची किंमत मात्र कोणी राखीत नव्हतें. पेन्शन एकदां ठरलें कीं मरेपर्यंत तेवढेंच. १८७० नंतर चांदी स्वस्त होऊं लागली आणि रुपया घसरूं लागला. पूर्वीं रुपयाचे सुमारें दोन शिलिंग येत. १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगच येऊं लागले. विलायतेंत मुलाबाळांना पैसे धाडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची यानें ओढाताण झाली, आणि सरकारनें त्याच वर्षीं त्यांस हुंडणावळीच्या नुकसानीबद्दल खास भत्ता सुरू केला. सिव्हिल सर्व्हंटचें निवृत्तीनंतरचें वार्षिक १००० पौंड तर पौंडांतच ठरलेलें असे. रुपया घसरला तर तितके अधिक रुपये हिंदुस्थानच्या तिजोरींतून जात. एका पौंडास पूर्वीं दहा रुपये पडत, ते सोळा पडूं लागले. महागाईभत्त्याचें तत्त्व या देशांत सरकारला समजत नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. तें उत्तम समजत होतें. फक्त कोणासाठीं, एवढाच प्रश्न होता. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देतांना गोपाळराव गोखल्यांनीं या भत्त्यावर आणि विलायतेंत जाणाऱ्या पेन्शनीच्या बोजावर नेमकें बोट ठेवलें. येथल्या सैन्यांतील शिपायाला धान्य फार महाग झालें तर थोडी भरपाई मिळे, लहान पगाराच्या नोकरालाहि कधींमधीं धान्यभत्ता मिळे. पण तो नोकरींत असेपर्यंतच. नोकरी संपली कीं धारण काय झाली हें विचारणारें कोणी नव्हतें.

पहिल्या महायुद्धानें हें उघडें पडलें. १९१४ चा जुलै महिना शंभर धरला तर मुंबईच्या कामगाराच्या राहणीचा खर्च १९२० च्या अखेरीस दुपटीच्या जवळ गेला. १९२१ सालीं मुंबई सरकारनें लेबर ऑफिस काढलें आणि राहणीच्या खर्चाचा निर्देशांक दरमहा छापण्यास सुरुवात केली. ही गोष्ट दिसावयास लहान, पण तिचे परिणाम मोठे. तोंवर महागाई ही तक्रार होती. आतां ती आंकडा झाली. आंकडा हातीं आल्यावर गिरणीकामगार त्याच्या बळावर भांडूं शकला, आणि दुसऱ्या महायुद्धांत महागाईभत्ता हा शब्द सर्वांच्या तोंडीं झाला. पेन्शनरांच्या वाट्याला त्या काळांत लहान पेन्शनीवर मिळणारी एक तात्पुरती वाढ आली. तात्पुरती हा शब्द सरकारनें मुद्दाम घातलेला होता.

येथें थोडें विषयांतर केल्यास हरकत नाहीं. याच काळांत, १९४३ पासून, सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार चाललें होतें आणि १९४४ सालीं त्याच्या कांहीं कार्यकर्त्यांनीं खानदेशांत चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. पुढें १९७२ सालीं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन देण्याची योजना दिल्ली सरकारनें सुरू केली आणि १९८० सालीं तिला सन्मान हें नांव जोडलें. ज्या पिढीनें सरकारी खजिन्यावर हात टाकला त्याच पिढीचीं नांवें खजिन्याच्या पेन्शनबुकांत चढलीं. इतिहासाच्या खात्यांत अशा उलटसुलट नोंदी असतात.

८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतलीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण या ठिकाणचे कारकून, शिक्षक, फौजदार एका दिवसांत नव्या धन्याचे नोकर झाले. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली जिल्हा हें नांव मिळालें. राजेलोकांचे तनखे त्याच वेळीं ठरले, आणि पुढें राज्यघटनेनें त्यांची हमी घेतली. त्या तनख्यांचाहि आंकडा कायमचा बांधलेला होता, हें विसरूं नये. महागाईचा भत्ता राजालाहि नव्हता.

नोकरांच्या पेन्शनीचे नियम १९५० सालीं केंद्रानें सैल केले. तीस वर्षांच्या नोकरीस सरासरी वेतनाचे ऐंशी भागांपैकीं तीस भाग पेन्शन, आणि शिवाय एकरकमी ग्रॅच्युइटी. नोकर मेला तर विधवेला ठरावीक वर्षें कांहीं रक्कम मिळावी अशीहि सोय झाली. परंतु विधवेला तहहयात पेन्शन मिळावयास १९६४ साल उजाडावें लागलें. त्या सालची कुटुंब-निवृत्तिवेतन योजना ही या सबंध इतिहासांतील सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत उपकारक सुधारणा म्हणावी लागेल. मराठी राज्यांतली बालपरवेशी एका वेगळ्या रूपानें, पण आतां सनदेच्या ऐवजीं नियमानें, परत आली. तींतहि एक गोम राहिली. १९६४ पूर्वीं ज्यांचे नवरे सेवेंतून गेले त्या बायका बाहेरच राहिल्या, आणि त्यांना आंत घेण्यास १९८५ सालीं पूनमल नांवाच्या एका विधवेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें.

शिक्षकांची गोष्ट निराळी. खाजगी शाळांतील मास्तरांना फार काळपर्यंत प्रॉव्हिडंट फंडावरच समाधान मानावें लागे. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा साताऱ्याच्या डोंगराळ खेड्यापाड्यांत पसरल्या, सांगलीकडेहि शिक्षणसंस्था वाढल्या. त्यांत आयुष्य घालविणाऱ्या शिक्षकाला निवृत्तीच्या दिवशीं फंडाची एक रक्कम मिळे आणि ती मुलीच्या लग्नांत किंवा घराच्या कौलांत संपे. महाराष्ट्र सरकारनें १ एप्रिल १९६६ पासून अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांना पेन्शन लागू केलें, तेव्हां कोठें ही तफावत मिटली. ती पुन्हा कशी उघडली तें पुढें येईलच.

१९७१ हें वर्ष या विषयांत विशेष म्हटलें पाहिजे. त्या वर्षीं बिहारच्या शिक्षणखात्यांतील देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिसी नसून नोकराची मिळकत आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या कायद्यानें जें दार बंद केलें होतें तें अशा रीतीनें किलकिलें झालें. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीनें राजांचे तनखे रद्द झाले. एकाच वर्षांत राजाची नेमणूक गेली आणि कारकुनाची नेमणूक मिळकत ठरली. सांगलीसारख्या गांवांत हें दोन्ही एका पेठेंत घडल्यासारखें होतें. त्या वेळीं देशाचे अर्थमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण.

पेन्शनला महागाईशीं जोडणारी पहिली निश्चित सांखळीहि त्यांच्याच कारकीर्दींतली. तिसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राच्या पेन्शनरांना १९७३ पासून निर्देशांकावर आधारलेली वाढ मिळूं लागली. १९६० साल शंभर धरून निर्देशांक दोनशेंच्या वर गेला म्हणजे प्रत्येक सोळा अंशांच्या चढावर पेन्शनीच्या शेंकडा ५ इतकी वाढ. मात्र ती ५ रुपयांहून कमी नाहीं व २५ रुपयांहून अधिक नाहीं. रक्कम पाहिली तर हंसूं येईल. पण १८७१ पासून १९७३ पर्यंत एकशेंदोन वर्षांत जें तत्त्व निवृत्त माणसाला नाकारलें गेलें होतें तें या पांच रुपयांत मान्य झालें.

आणि तेंच तत्त्व कसें आंखडतां येतें हेंहि लगेच दिसलें. १९७४ सालीं किमती भडकल्या. घाऊक किमती एका वर्षांत जवळजवळ पावपट वाढल्या. जुलैमध्यें वटहुकूम निघाला आणि मग कायदा झाला कीं, नोकरीवर असलेल्यांचा नव्यानें मिळणारा महागाईभत्ता निम्मा सक्तीनें ठेवींत जमा व्हावा. वेतनवाढ तर सबंधच जमा व्हावयाची. पैसे पुढें व्याजासह हप्त्यांनीं परत मिळाले हें खरें. चलनवाढ रोखण्यासाठीं तें आवश्यक होतें, असें सरकारचें म्हणणें. आणि त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. पण भाकरीचें पीठ आज महाग आहे आणि त्याबद्दलची भरपाई दोन वर्षांनीं मिळणार, हा हिशेब कोणत्याहि गृहिणीला पटणारा नव्हता.

आतां ज्या निकालाचा दिवस पेन्शनर लोक दर वर्षीं पाळतात त्याकडे वळावयास हवें. २५ मे १९७९ रोजीं केंद्र सरकारनें पेन्शन काढण्याची अधिक उदार रीत जाहीर केली, पण ती ३१ मार्च १९७९ रोजीं किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आदल्या दिवशीं घरीं गेलेल्या माणसाला जुनाच हिशेब. संरक्षण खात्यांतून १९७२ सालीं निवृत्त झालेले डी. एस. नकारा यांनीं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. पांच न्यायाधीशांचें पीठ बसलें. अध्यक्षस्थानीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते, आणि न्यायमूर्ति तुळजापूरकर हे दुसरे महाराष्ट्रीय. १७ डिसेंबर १९८२ रोजीं निकालपत्र न्यायमूर्ति देसाई यांनीं लिहिलें. त्यांतला मुद्दा साधा होता. पेन्शनर हा एकच वर्ग आहे. मध्येंच एक तारीख आंखून त्याचे दोन तुकडे करावयाचे तर त्याला कारण दाखविलें पाहिजे, आणि सरकारला तें दाखवितां आलें नाहीं. पेन्शन म्हणजे भीक नव्हे, पूर्वीं केलेल्या सेवेचा तो राहिलेला मोबदला आहे, आणि म्हातारपणीं माणसाला स्वाभिमानानें जगतां यावें हा त्याचा हेतु आहे, असें न्यायालयानें मानलें.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १५ ऑगस्टपासून महाराष्ट्राचे स्वतःचे निवृत्तिवेतन नियम अमलांत आले. पुढें चौथ्या वेतन आयोगानंतर वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकावरून केंद्राची महागाईवाढ ठरूं लागली. पांचव्या आयोगानंतर ती लहानमोठ्या सर्व पेन्शनींना सारख्या प्रमाणांत पूर्ण मिळूं लागली. राज्यें बहुधा केंद्राच्या मागोमाग, कांहीं महिन्यांच्या अंतरानें, तसाच हुकूम काढतात. म्हणजे १९१४ च्या कारकुनाला जें स्वप्नांतहि दिसलें नसतें तें १९९६ नंतरच्या कारकुनाला नेमानें मिळूं लागलें. ज्वारीची धारण आणि पेन्शनचा रुपया यांची गांठ बसली.

ती गांठ सर्वांचीच बसली असें मात्र नाहीं. सातारा व सांगली येथल्या एस.टी. स्थानकावर ज्यानें तीस-पस्तीस वर्षें तिकिटें फाडलीं तो सार्वजनिक सेवेंतलाच माणूस. पण तो महामंडळाचा नोकर, म्हणून त्याला १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू. तिच्यांत पगाराची मर्यादा बांधलेली. २००१ नंतर ती कित्येक वर्षें महिना ६,५०० रुपयांवर अडली होती, २०१४ पासून १५,००० झाली. त्या मर्यादेंतल्या वेतनास सेवेच्या वर्षांनीं गुणून सत्तरानें भागावयाचें. पस्तीस वर्षें पूर्ण धरलीं आणि मर्यादा सर्वांत वरची धरली तरी ७,५०० रुपये होतात. आणि तें एकदां ठरलें कीं निर्देशांकाबरोबर आपोआप चढत नाहीं. साखर कारखान्यांतल्या कामगाराचेंहि तेंच. अशा पेन्शनरांच्या पदरीं कमींत कमी १,००० रुपये तरी पडावेत असें २०१४ सालीं ठरलें. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी.च्या संपांत शासनांत विलीनीकरणाची मागणी एवढी हट्टानें कां धरली गेली, याचें एक उत्तर या भागाकारांत आहे.

खुद्द शासनाच्या नोकरांतहि रेघ ओढली गेली. केंद्रानें १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीचें जुनें पेन्शन बंद केलें. महाराष्ट्रानें ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयानें १ नोव्हेंबर २००५ पासून तेंच केलें. त्या वेळीं राज्याचें अर्थखातें सांगली जिल्ह्यांतील जयंत पाटील यांच्याकडे होतें. नव्या पद्धतींत नोकरानें पगार व महागाईभत्ता मिळून शेंकडा १० भरावेत, सरकारनें तितकेच घालावेत, हें पैसे बाजारांत गुंतवावेत आणि शेवटीं जें जमेल त्यांतून निदान शेंकडा ४० रकमेचें वर्षासन विकत घ्यावें, अशी योजना पुढें कायम झाली. सरकारचा वांटा नंतर शेंकडा १४ झाला. सरकारच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. पगार व पेन्शन यांत राज्याच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग जातो, माणसें पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक जगतात, आणि आजच्या कर देणाऱ्यांनीं, ज्यांच्यापैकीं बहुतेकांना कसलेंच पेन्शन नाहीं, कालच्या नोकरांचा खर्च किती उचलावा हा प्रश्न खोटा नाहीं. परंतु नव्या पद्धतीनें खर्च कमी केला तो मुख्यतः जोखीम सरकारी तिजोरीवरून उचलून नोकराच्या घरावर ठेवून. बाजार पडला तर नोकराचा, महागाई चढली तर नोकराची, आणि तो फार वर्षें जगला तर तेंहि त्याच्याच पदरीं.

शाळांत तर या तारखेनें विचित्र गुंता केला. शिक्षक २००५ पूर्वींचा, पण त्याच्या शाळेला पूर्ण अनुदान मिळालें तें नंतर. मग तो जुना कीं नवा? या एका प्रश्नावर अर्ज, मोर्चे आणि खटले चालत आले आहेत.

१४ मार्च २०२३ रोजीं राज्यभर सरकारी नोकर व शिक्षक संपावर गेले. जुनें पेन्शन परत द्या, एवढीच मुख्य मागणी. मुख्यमंत्री होते सातारा जिल्ह्यांतल्या दरे गांवचे एकनाथ शिंदे. समितीचें आश्वासन मिळून २० मार्चला संप मिटला. जानेवारी २०२४ मध्यें मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वींची त्यांनीं हवें तर जुन्या योजनेंत जावें. असे सुमारें २६,००० जण होते. त्याच वर्षीं २४ ऑगस्टला केंद्रानें एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली व दुसऱ्या दिवशीं महाराष्ट्र मंत्रिमंडळानेंहि ती स्वीकारली. केंद्राच्या योजनेंत पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग, त्यावर महागाईवाढ, पश्चात् जोडीदारास त्याच्या शेंकडा ६०. नोकराची शेंकडा १० वर्गणी मात्र चालूच. जुन्याचें आश्वासन आणि नव्याची वर्गणी यांची ही मोट आहे.

तथापि महागाईवाढीचा हुकूम दर वेळीं नव्यानें काढावा लागतो, आणि जो काढावा लागतो तो थांबवितांहि येतो. एप्रिल २०२० मध्यें साथीच्या काळांत केंद्रानें नोकरांच्या व पेन्शनरांच्या तीन वाढी गोठविल्या. जुलै २०२१ पासून दर शेंकडा १७ वरून २८ झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची बाकी दिली गेली नाहीं. १९७४ सालीं रक्कम निदान ठेवींत गेली होती. पुढें मार्च २०२५ मध्यें वित्तविधेयकाबरोबर संसदेनें केंद्राच्या पेन्शन-नियमांना १ जून १९७२ पासून मान्यता देणारा एक भाग मंजूर केला; पेन्शनरांत निवृत्तीच्या तारखेवरून भेद करण्याचा अधिकार सरकारला आहे व पूर्वींहि होता, असें त्यांत आहे. चालू पेन्शनींत यामुळें बदल होणार नाहीं असें अर्थमंत्र्यांनीं सांगितलें. पण नकारांच्या खटल्यांत जी रेघ पुसली गेली होती ती पुन्हा ओढण्यास खडू हातीं आला, असें पेन्शनर-संघटनांना वाटलें तर नवल नाहीं.

आज साताऱ्याच्या एखाद्या कचेरींत दोन टेबलें शेजारीं असतात. एकावर ऑक्टोबर २००५ मध्यें रुजू झालेला कारकून, दुसऱ्यावर त्याच वर्षाच्या नंतरच्या जाहिरातीवरून आलेला. काम तेंच, साहेब तोच, दिवाळीचा बोनस नाहींच तो दोघांनाहि नाहीं. पहिल्याच्या पगारांतून पेन्शनसाठीं कांहीं कापलें जात नाहीं आणि त्याला काय मिळणार तें तो पाठीमागच्या कागदावर पेन्सिलीनें मांडून सांगूं शकतो. दुसऱ्याला कोणती योजना घ्यावी याचा विचार करावयाचा आहे. रुजू होतांना तो बावीस वर्षांचा असला तर अठ्ठावन्नाव्या वर्षीं, २०४१ सालीं, तो निवृत्त होईल.